अडलेली बाई, अडवलेली वाट

बाळंतपणात मूल बाहेर येईना, की आपण म्हणतो, बाई अडली. हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये बाई उंबऱ्यातच अडते. रात्री कळा सुरू झाल्या, की घरचे आधी कानोसा घेतात. गोळीबार कुठून ऐकू येतोय, कोणत्या टोळीची हद्द कुठे संपते, मोटरसायकलवाला यायला तयार होईल का. रुग्णालय दोन-तीन किलोमीटरवरच असतं, पण मधल्या नाक्यावर बंदुका घेतलेली पोरं उभी असतात. मग उजाडेपर्यंत थांबायचं ठरतं. रक्तस्राव मात्र उजाडण्याची वाट बघत नाही. प्रसूतीनंतर तो आटोक्यात आला नाही, तर धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत जाऊ शकते.

बाळंतिणी का मरतात, याची एक साधी मांडणी सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये केली. त्यात तीन विलंब सांगितले आहेत : दवाखान्यात न्यायचं ठरवण्यात होणारा, तिथे पोहोचण्यात होणारा आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात होणारा. ही मांडणी गरिबी, अंतर आणि अपुरे दवाखाने डोळ्यांसमोर ठेवून केलेली. हैतीत तिन्ही ठिकाणी आता टोळी उभी आहे.

जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची हत्या झाली. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस टोळ्यांनी एकजूट करून राजधानीवर हल्ले चढवले. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने राजधानीचा सुमारे ८५ टक्के भाग टोळ्यांच्या ताब्यात गेला आणि २०२५ च्या मध्यापर्यंत देशभरात जवळपास १३ लाख माणसं घरादाराला मुकली. वाट अडवणं मात्र त्याआधीच सुरू झालं होतं. जून २०२१ पासून मार्तिसाँ वस्तीतून दक्षिणेकडे जाणारा राष्ट्रीय रस्ता टोळ्यांनी धरला. तिथलं ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’चं तातडीचं उपचार केंद्र पंधरा वर्षं चाललेलं; त्यावर गोळ्या आल्या आणि ते बंद करावं लागलं.

तिसरा विलंब समजून घ्यायचा, तर ऑक्सिटोसिनची एक कुपी हातात घ्यावी. करंगळीच्या दोन पेरांएवढी काच, आत एक मिलिलिटर औषध. वार पडल्यावर गर्भाशय आवळून येत नसेल, तर सुईण एका हाताने बाळंतिणीचं ओटीपोट चोळत राहते आणि ही कुपी मागवते. पण ती २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. म्हणजे फ्रीज हवा, फ्रीजला जनरेटर, जनरेटरला डिझेल. सप्टेंबर २०२२ मध्ये माजी पोलीस जिमी शेरिझिए याच्या टोळीने व्हारो इथला बंदरावरचा मुख्य इंधनतळ दोनेक महिने रोखून धरला. बंदूक बंदरावर होती. तिची झळ प्रसूतिगृहातल्या फ्रीजपर्यंत पोहोचली.

म्हणूनच तेच काम करणाऱ्या, पण फ्रीजशिवाय टिकणाऱ्या मिसोप्रोस्टोलच्या गोळ्या आणि वस्तीतच राहणारी प्रशिक्षित सुईण, यांवर आधी पैसा खर्च व्हावा असं मला ठामपणे वाटतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत, त्या मानाने शांततेच्या दिवसांतही, फक्त ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली होती. बाकीच्या बहुतेक बायकांच्या उशाशी ‘मात्रोन’, म्हणजे परंपरागत सुईणच होती. तिला हिणवून काही साधणार नाही. तिला सोबत घेऊनच पुढे जावं लागेल. हैतीत लाख जिवंत जन्मांमागे सुमारे ३३० माता दगावतात, असा २०२३ चा जागतिक अंदाज आहे. महाराष्ट्रात २०१९-२१ चा आकडा ३८ होता.

वाट फक्त बाळंतिणीचीच अडत नाही. बलात्कार हे टोळ्यांचं हत्यारच आहे. बलात्कारानंतर एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि तेवढ्या वेळात अत्याचार झालेली बाई अनेकदा गल्लीबाहेरही पडू शकत नाही. अँब्युलन्सचाही भरवसा उरलेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पोलिसांनी आणि हत्यारबंद नागरी गटाने ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ची अँब्युलन्स अडवली आणि आतल्या किमान दोन रुग्णांना ठार केलं. त्यानंतर संस्थेने राजधानीतलं काम काही आठवडे थांबवलं.

राजधानीतल्या बायकांना एक आसरा होता तो मिरबालेच्या विद्यापीठ रुग्णालयाचा. ‘पार्टनर्स इन हेल्थ’ या संस्थेने उभारलेलं, २०१३ मध्ये सुरू झालेलं, ३०० खाटांचं. मार्च २०२५ च्या अखेरीस टोळ्या मिरबाले गावात शिरल्या आणि पुढच्या महिन्यात रुग्णालयाला दारं लावून घ्यावी लागली.

त्याच एप्रिलमध्ये शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकाने सरकारी रुग्णालयांत परदेशी रुग्णांची कागदपत्रं तपासायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे ती नव्हती, त्या हैतीच्या गरोदर बायकांना आणि ओल्या बाळंतिणींना उपचारानंतर गाडीत बसवून सरहद्दीपार सोडलं जाऊ लागलं. सरहद्दीवरच्या बेलादेरहून राजधानीकडे जाणारा रस्ता मिरबालेवरूनच जातो.