‘दाइजोबु’ म्हटले तरी निघून जाऊ नये

गेल्या वर्षी सुक्कोथनंतर मी लेकीकडे जपानला, कावासाकीला, दोन महिने राहून आले. तोक्यो आणि योकोहामा यांच्या मधले, तामा नदीकाठचे हे शहर. तिकडच्या बागांविषयी लिहा, असे मैत्रिणींनी सुचवले. पण एका सकाळी जे डोळ्यांदेखत घडले तेच लिहिते, कारण आज आपल्या घरोघरी मुले, सुना, जावई गाडी चालवतात.

जावई गाडी चालवत होते, मी मागे बसले होते. मुसाशी-कोसुगी स्टेशनजवळच्या चौकात सिग्नल हिरवा झाला आणि त्यांनी गाडी डावीकडे वळवली. जपानात हिंदुस्थानासारखीच वाहने डाव्या बाजूने चालतात. रस्त्याच्या डाव्या कडेने एक वयस्कर बाई सायकलवरून सरळ चालल्या होत्या. सिग्नल त्यांनाही हिरवाच होता. गाडीचा धक्का लागला, त्या कोलमडल्या आणि टोपलीतला भला मोठा मुळा रस्त्यावर पडला.

बाई उठल्या, कपडे झटकले, उलट आम्हालाच वाकून म्हणाल्या, “दाइजोबु.” म्हणजे काही झाले नाही, ठीक आहे. सायकल उचलून निघाल्यासुद्धा. मी म्हटले, “देवाची कृपा झाली, चला आता.” जावई म्हणाले, “नाही आई. आता गेलो तर मी पळून गेलो असे होईल.” जन्मभर मुलांचे पेपर तपासले, पण त्या घटकेला चुकीचे उत्तर माझे होते.

जपानच्या रस्ते वाहतूक कायद्याचे 72 वे कलम यासाठीच आहे. गाडी ताबडतोब थांबवायची, जखमीला मदत करायची, मागून येणाऱ्यांना धोका होणार नाही असे पाहायचे आणि पोलिसांना कळवायचे. चूक कोणाची हा प्रश्न तेथे येतच नाही. थोडीफार चूक असो वा मुळीच नसो, हे करावेच लागते. समोरचा माणूस ‘ठीक आहे’ म्हणाला म्हणून ही जबाबदारी सुटत नाही. आपल्या गाडीमुळे कोणी जखमी झाले असता मदत न करता निघून गेल्यास 10 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. धक्क्याची शिक्षा कदाचित किरकोळ असती, निघून जाण्याची मात्र नव्हे. घाबरलेल्या माणसाला नेमके हेच उलटे वाटते.

जावयांनी गाडी कडेला घेतली, धोक्याचे दिवे लावले, बाईंना हात धरून फुटपाथवर बसवले आणि 110 ला फोन केला. तो पोलिसांचा नंबर. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दल या दोघांसाठी 119. (तिकडच्या गाड्यांत पुढच्या सीटच्या पायाशी धोक्याची लाल मशाल ठेवलेली असते, हे मला त्या दिवशी कळले. दिवसाउजेडी ती लागली नाही.) पोलीस येईपर्यंत त्यांनी गाडी, सायकल, सिग्नल आणि रस्त्यावरच्या खुणा यांचे फोटो काढले. बाईंचे नाव आणि फोन लिहून घेतला, स्वतःचा दिला.

आता माफीविषयी. “सॉरी म्हणू नकोस, गुन्हा कबूल केल्यासारखे होते,” असा सल्ला आपल्याकडे सर्रास देतात. जपानात पडलेल्या माणसापुढे ‘सुमिमासेन’ न म्हणता उभे राहणे हाच मोठा अपमान. जावयांनी दोनतीनदा वाकून क्षमा मागितली. “सगळा खर्च मी देतो” असे मात्र ते बोलले नाहीत आणि कागदावर काही लिहूनही दिले नाही. दुःख झाले असे सांगणे वेगळे, हिशेब मान्य करणे वेगळे. चूक किती कोणाची हे सिग्नल, वेग, वळण आणि जागा पाहून नंतर ठरते. पोलिसांनी विचारले तेव्हा त्यांनी पाहिले तेवढेच सांगितले. “आरशात पाहिले होते, पण त्या मला दिसल्या नाहीत.” मला वाटले होते, थोडे सावरून बोलतील. नाही बोलले.

दुसऱ्या दिवशी बाईंचे मनगट सुजले. धक्का बसतो तेव्हा दुखणे लगेच कळत नाही, म्हणून डॉक्टरकडे जाण्याचा आग्रह करावा तो यासाठी. डॉक्टरांचा दाखला पोलिसांकडे गेला की जी घटना केवळ ‘नुकसानीचा अपघात’ म्हणून नोंदलेली असते ती ‘इजेचा अपघात’ होते. पोलिसांत नोंद असेल तरच अपघाताचा अधिकृत दाखला मिळतो, आणि विम्याचे बहुतेक काम त्या दाखल्यावर चालते. जागच्या जागी पैसे देऊन मिटवणाऱ्यांचे हाल येथेच होतात.

विमा तेथे दोन थरांचा. पहिला, ‘जिबाइसेकी’, सक्तीचा. तो फक्त माणसाच्या इजेसाठी आहे; सायकल किंवा गाडी मोडली तर त्यातून एक येन मिळत नाही. इजेसाठी जास्तीत जास्त 12 लाख येन, मृत्यू झाल्यास 3 कोटी, कायमच्या अपंगत्वाला अधिकात अधिक 4 कोटी. जखमीची स्वतःची चूक सात दशांशांहून कमी असेल तर ही रक्कम कापत नाहीत. वरचा थर ऐच्छिक. तो घेतलेला असला की विमा कंपनीचा माणसूच समोरच्याशी बोलणी करून तडजोड, म्हणजे ‘जिदान’, घडवून आणतो. म्हणून पहिला फोन पोलिसांना आणि दुसरा विमा कंपनीला.

इस्रायलमध्ये 1975 च्या कायद्याने ‘बितुआख खोवा’ माणसाच्या इजेची भरपाई चूक न पाहता देते. मोडलेल्या गाडीसाठी ‘त्साद गिमेल’ वेगळा. हिंदुस्थानात 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 134 वे कलम जखमीला डॉक्टरकडे नेण्यास आणि जास्तीत जास्त 24 तासांत पोलिसांना कळवण्यास सांगते. जमावाच्या संतापामुळे नेणे अशक्य झाले तर सूट, असेही त्याच कलमात लिहिले आहे. कायदा लिहिणाऱ्याने आपले रस्ते पाहिलेले असणार!

पैसे कंपनीने दिले, तरी जावई चौथ्या दिवशी मिठाईचा डबा घेऊन बाईंकडे गेले. मीही गेले. तिकडची ही रीत आहे. आपल्या मिश्नेतही, बावा कामाच्या आठव्या अध्यायात, भरपाई दिली तरी क्षमा मागावी लागते असे आहेच. बाईंनी दारातच चहा दिला. मनगटाला पट्टा होता. जावई खाली पाहूनच बोलत होते. बाई म्हणाल्या, “मीही घाईत होते.” वाटेत मी त्यांना म्हटले, “हे विमावाल्यांना सांगा, तुमचा वाटा कमी होईल.” ते म्हणाले, “ते त्यांनी सांगायचे, मी नव्हे.”

अश्दोदला परतल्यावर मी थोरल्या मुलाच्या गाडीत, विम्याच्या कागदांसोबत, एक पुठ्ठा ठेवला. पोलीस 100, मागेन दाविद अदोम 101, विमा एजंटचा नंबर आणि एक पेन. पेन नातवाने नेले. दुसरे दोऱ्याने बांधले आहे.