विश्लेषण : युद्धग्रस्त देशांत समलिंगींची शिकार मोबाइलवरून कशी होते? वसई-विरारकरांनी काय जाणून घ्यावे?

खोट्या नावाने ओळख, भेटीचे आमंत्रण, मग धमकी. डेटिंग अ‍ॅपवरून समलिंगी पुरुषांना हेरून लुटल्याचे गुन्हे मुंबईसह देशातील अनेक शहरांत नोंदले गेले आहेत. युद्धग्रस्त देशांत याच पद्धतीने समलिंगींचा जीवही घेतला जातो. तिथे काय घडले आणि आपल्याकडे कायदा काय सांगतो?

कुठे काय घडले?

इराकमध्ये २००३च्या अमेरिकी आक्रमणानंतर सशस्त्र टोळ्यांचे राज्य माजले. २००९च्या सुरुवातीला बगदादमध्ये या टोळ्यांनी समलिंगी असल्याच्या संशयावरून पुरुषांना घरातून उचलून ठार केले. पुढे ‘आयसिस’ने इराक-सीरियात अशा अनेकांना उंच इमारतींवरून खाली फेकले आणि त्याची छायाचित्रेही प्रसिद्ध केली. दोन युद्धे पाहिलेल्या चेचन्यात २०१७मध्ये शंभरावर पुरुषांना ताब्यात घेऊन त्यांचा छळ झाला. रशियातील ‘नोवाया गाझेटा’ या वृत्तपत्राने ते उघड केले.

मोबाइलची भूमिका काय?

चेचन्यात ताब्यातील माणसाचा फोन उघडून त्यातील नंबर आणि चॅटवरून पुढची नावे शोधली गेली. ‘ह्युमन राइट्स वॉच’ने फेब्रुवारी २०२३मध्ये इजिप्त, इराक, जॉर्डन, लेबनॉन आणि ट्युनिशिया या पाच देशांचा अहवाल दिला. सुरक्षा दले बनावट प्रोफाइलने जाळ्यात ओढतात, रस्त्यात फोन तपासतात आणि फोटोच पुरावा म्हणून वापरतात, असे त्यात नोंदले आहे.

यांनाच लक्ष्य का केले जाते?

कारण ते तक्रार करू शकत नाहीत. इराकने एप्रिल २०२४मध्ये समलिंगी संबंधांसाठी १० ते १५ वर्षे कैदेचा कायदा केला. तिथे पोलिसांकडे जाणे म्हणजे स्वतःच्याच गुन्ह्याची कबुली देणे. घरच्यांना कळेल ही भीती वेगळीच. मारणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

भारतात कायदा काय?

ब्रिटिशांनी १८६०च्या दंडसंहितेत घातलेले कलम ३७७ यादवी युद्धात होरपळणाऱ्या म्यानमारमध्ये आजही लागू आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील सहमतीचे संबंध त्यातून वगळले. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र हे कलमच उरले नाही. त्यामुळे प्रौढ पुरुषावर पुरुषाने केलेल्या बलात्कारासाठी आता स्वतंत्र कलम नाही. मारहाण, डांबून ठेवणे अशा कलमांवरच भागवावे लागते. पीडित १८ वर्षांखालील असेल तर ‘पोक्सो’ लागू होतो.

धमकी आली तर काय करावे?

व्हिडिओ किंवा फोटोची भीती घालून पैसे उकळणे ही खंडणी आहे. न्याय संहितेच्या कलम ३०८नुसार त्यासाठी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

- पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढतच जाते.
- चॅट, नंबर आणि यूपीआय व्यवहाराचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. घाबरून काही डिलीट करू नका.
- पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जीवाला धोका असेल तर ११२ क्रमांक लावा.
- घटना मुंबईत घडली तरी मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो.
- एकट्याने जायची हिंमत होत नसेल तर १९९४पासून मुंबईत काम करणाऱ्या ‘हमसफर ट्रस्ट’सारख्या संस्थेशी बोला.
- अ‍ॅपवरील ओळखीच्या माणसाला पहिल्यांदा भेटताना गर्दीची जागा निवडा आणि कुठे जातोय ते एका मित्राला सांगून ठेवा.

घरच्यांना कळवावे लागते का?

नाही. प्रौढ व्यक्तीला तक्रार देण्यासाठी घरच्यांची संमती किंवा हजेरी लागत नाही. समलिंगी असणे इथे गुन्हा नाही, त्यामुळे तक्रार देणाऱ्यावर त्यावरून कारवाई होऊ शकत नाही. हे ठाऊक नसलेला माणूस गप्प राहून पैसे देत राहतो आणि टोळीला पुढचे सावज शोधायला मोकळीक मिळते.