रिअल इस्टेट होलसेलिंग रत्नागिरीत चालतं का? विसार, साठेकरार आणि सातबारा, पहिल्यापासून

(ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्यातले 'अं', 'म्हणजे' काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आला. रील्सवर एक माणूस येतो, मागे भाड्याची गाडी असते, आणि तो सांगतो, "खिशातला एक रुपया न घालता रिअल इस्टेटमधून लाखो कमवा, याला होलसेलिंग म्हणतात." मग आपल्यातला कोणीतरी विचारतो, "दादा, हे आपल्याकडे रत्नागिरीत होतं का?"

छोटं उत्तर: होतं, पण त्या रूपात नाही. मोठं उत्तर म्हणजे हा एपिसोड.

होलसेलिंग म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत हे असं चालतं. ज्याला घर घाईने विकायचंय असा मालक तुम्ही शोधता. त्याच्याशी ठरावीक किमतीचा करार करता. करार पूर्ण करायच्या आत जास्त पैसे देणारा गिऱ्हाईक शोधता आणि तुमचा करारच त्याच्या नावावर करून देता. मधला फरक तुमचा. म्हणजे कोडिंगच्या भाषेत, तुम्ही घर विकत नाही, घराकडे बोट दाखवणारा पॉइंटर विकता.

तिथेही हे आता मोकाट राहिलेलं नाही. ओक्लाहोमा राज्याने २०२१ मध्ये यावर कायदा केला आणि त्याच्या नावातच 'प्रिडेटरी' हा शब्द आहे. कारण उघड आहे: ज्या मालकाला घराची खरी किंमत माहीत नाही, त्याच्या अज्ञानावरच बऱ्याच जणांचा धंदा उभा होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत लागेल.

आपला कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे या कराराला साठेकरार म्हणतात आणि त्याआधीच्या कच्च्या कागदाला विसार पावती. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५४ स्पष्ट सांगतं की नुसत्या विक्रीच्या कराराने जमिनीत तुमचा कोणताही हक्क तयार होत नाही. पुढे खरेदीखत करून मागायचा अधिकार तेवढा मिळतो. हा अधिकार दुसऱ्याला देता येतो, पण करारात तशी मनाई नसेल तर. आणि तुमची जबाबदारी, म्हणजे पैसे द्यायची, मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या गळ्यात टाकता येत नाही. सुप्रीम कोर्टाने खर्डा कंपनीच्या खटल्यात १९६२ मध्येच हा फरक मांडलाय.

काही लोक यातून पळवाट काढतात: साठेकरार, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा सेट करून जमीन फिरवत राहायची. २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा कागदांनी मालकी मिळत नाही, नोंदणी केलेलं खरेदीखतच लागतं. मुंबईतल्या काकांनी गावातल्या पुतण्याला सही करायला कुलमुखत्यारपत्र दिलं, तर ते ठीक. पण कुलमुखत्यारपत्रावर जमीन 'विकत घेतली' असं कोणी म्हणालं, तर तिथून उठा.

पहिलं गेट: तुम्ही शेतकरी आहात का?

इथे निम्मी रील्स बाद होतात. कूळकायदा कलम ६३ प्रमाणे महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आणि बारकावा असा की, हे बंधन फक्त खरेदीखताला नाही, विक्रीच्या लेखी कराराला पण आहे. म्हणजे तुमच्या नावावर कुठेच शेतजमीन नसेल, तर बिनपरवानगी तुमच्या नावाचा साठेकरारच वैध नाही. पॉइंटरच नल.

तुमचा गिऱ्हाईक पुण्यातला आयटीवाला असेल, त्यालाही हाच प्रश्न. म्हणून पहिल्या फोनवरच विचारायचं: "तुमच्या नावावर सातबारा आहे का?" नसेल तर त्याला बिनशेती प्लॉट दाखवा.

सातबारा वाचता आला पाहिजे

या धंद्यातलं खरं भांडवल पैसा नाही, कागद वाचणं आहे. महाभूलेखवर सातबारा फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. त्यात काय बघायचं?

१. नावं किती आहेत? कोकणात १२ गुंठ्यांवर २० नावं हे नॉर्मल आहे. त्यातले काही वारलेले, काही मुंबईत, एखादी आत्या बडोद्याला. आधी वारस नोंद झालीय का ते फेरफारात बघा. मुलींचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालाने पक्का झालाय, त्यामुळे "बहिणी काय म्हणत नाहीत" हे वाक्य कायद्यात चालत नाही. बहिणीची सही लागते.

२. एकच भाऊ विकतोय का? वारसाने आलेल्या जमिनीत एकाने हिस्सा विकायला काढला, तर बाकीच्या वारसांना तो आधी घ्यायचा हक्क आहे. हिंदू वारसा कायद्याचं हे कलम २२ शेतजमिनीलाही लागू आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं. त्यात वाटप झालेलं नसेल, तर नेमका कुठला तुकडा विकला जातोय हेच कोणी सांगू शकत नाही.

३. भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर सोपं. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार नको.

४. इतर हक्क. हा रकाना लोक वाचतच नाहीत. कूळ, बँकेचा बोजा, कोर्टाचा दावा, सगळं इथेच असतं. 'कलम ४३ ला पात्र' दिसलं, तर ती कुळाला मिळालेली जमीन, तिचे वेगळे नियम आहेत.

५. क्षेत्र. तुकडेबंदी कायद्यासाठी २०२३ मध्ये जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे प्रमाणभूत क्षेत्र ठरलं. यात बदल होत राहतात, म्हणून व्यवहाराच्या दिवशीचा नियम तहसील कार्यालयात विचारून घ्या. पण "कातळावर दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडून देतो" म्हणणाऱ्याला बिनशेतीचा आदेश आधी दाखवायला सांगा.

सातबाऱ्यावर न दिसणाऱ्या गोष्टी पण आहेत. गाडी जाते का, हा कोकणातला सगळ्यात महागडा प्रश्न. नकाशावर रस्ता नसेल, तर शेजाऱ्याच्या बागेतून जाणारी पाखाडी हा रस्ता नव्हे. समुद्राजवळ असेल, गणपतीपुळे असो की गावखडी, तर भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत सीआरझेड तपासायचा. आणि सड्यावरची जमीन असेल तर कातळशिल्पं आहेत का तेही बघा. आपल्या जिल्ह्यातली काही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत.

मग पैसे कसे मिळतात?

आकडे धरू. समजा, ४० गुंठे जमीन आहे. मालकाला गुंठ्याला ३०,००० हवेत, म्हणजे १२ लाख. गिऱ्हाईक ३६,००० द्यायला तयार आहे, म्हणजे १४ लाख ४० हजार.

मार्ग पहिला, उघड दलाली. दोन्ही बाजूंनी २ टक्के ठरले, तर २८,८०० दुणे ५७,६००. बयाणा तुमचा नाही, जोखीम जवळपास शून्य. सुरुवात इथूनच करा. फक्त एक लक्षात ठेवा: रेरा नोंदणी असलेल्या प्रकल्पातले फ्लॅट किंवा प्लॉट विकून द्यायचे असतील, तर तुमची महारेरा एजंट नोंदणी लागते, आणि २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आहे.

मार्ग दुसरा, साठेकरार आणि संमती. हे आपल्याकडचं खरं होलसेलिंग. (शेतजमीन असेल तर तुम्ही स्वतः शेतकरी हवेत, वरचं गेट आठवा.) तुम्ही समजा १ लाख बयाणा देऊन सहा महिन्यांचा साठेकरार करता आणि त्यात लिहून घेता की खरेदीखत 'लिहून घेणार किंवा ते सांगतील त्या व्यक्तीच्या' नावे होईल. पुढे खरेदीखतात तिघं येतात: मालक लिहून देणार, गिऱ्हाईक लिहून घेणार, आणि तुम्ही संमती देणार. १४ लाख ४० हजारांपैकी १२ मालकाला, २ लाख ४० हजार तुम्हाला, सगळं दस्तात लिहिलेलं. मुद्रांक शुल्क पूर्ण रकमेवर. साठेकरार नोंदणीकृतच करा, आणि त्याचा खर्च आधीच हिशोबात धरा.

५७,६०० च्या जागी २ लाख ४० हजार! मोह होणारच. पण सहा महिन्यांत गिऱ्हाईक आला नाही, तर तुमचा १ लाखाचा बयाणा अडकला किंवा गेला. "खिशातला एक रुपया न घालता" हे वाक्य इथे संपतं.

मार्ग तिसरा म्हणजे मालकाला १२ सांगायचे, गिऱ्हाईकाकडून १४.४० घ्यायचे आणि मधले रोखीत खिशात घालायचे. हा मार्ग नाही, हा दावा आहे, फक्त अजून कोर्टात गेला नाही. शिवाय स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेतली, तर प्राप्तिकर कायद्याने घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

नाणारने काय शिकवलं

मे २०१७ मध्ये राजापूर तालुक्यात नाणार आणि आसपासच्या गावांसाठी रिफायनरीची अधिसूचना निघाली. मार्च २०१९ मध्ये ती रद्द झाली. नंतर बारसूचं नाव आलं, एप्रिल २०२३ मध्ये तिथे माती परीक्षणाच्या वेळी मोठं आंदोलन झालं. या सगळ्या काळात एक आरोप सतत होत राहिला: प्रकल्पाची कुणकुण लागलेल्या बाहेरच्या लोकांनी गावकऱ्यांकडून आधीच स्वस्तात जमिनी घेतल्या.

प्रकल्प हवा की नको, हा आजचा विषय नाही. आपला विषय हा की त्या व्यवहारांमध्ये कोणीतरी मध्यस्थ होता. बहुतेकदा गावातलाच, ओळखीचा. बाहेरच्याला गाव माहीत नसतं, त्याला 'आपला माणूस' लागतो. उद्या तो आपला माणूस तुम्ही असाल. ज्या आजीने तुम्हाला कोकम सरबत दिलं, तिला शेजारच्या जमिनीचा भाव तुम्ही सांगणार की नाही, एवढाच प्रश्न आहे. रेडी रेकनरचा दर सरकारी वेबसाइटवर आहे, आजूबाजूच्या खरेदीखतांची सूची क्रमांक २ ऑनलाइन शोधता येते. हे सगळं तुमच्या फोनमध्ये आहे, तिच्याकडे नाही.

मी मित्रांना एक साधी टेस्ट सांगतो: तुमचा फरक मालकासमोर मोठ्याने सांगता येतो का? येत असेल तर ती तुमच्या कष्टांची कमाई. येत नसेल तर तो आकडा कमी करा, किंवा तो व्यवहार सोडा. रत्नागिरी एवढी मोठी नाही. मारुती मंदिरच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत सगळं कळतं.

पहिले तीन महिने काय करायचं?

पहिला महिना: एकच पट्टा निवडा. पावस घ्या, हातखंबा घ्या, पण एकच. तिथले ३० सातबारे आणि त्यांचे फेरफार वाचा. 'आपली चावडी'वर त्या गावच्या फेरफाराच्या नोटिसा बघत जा.

दुसरा महिना: गिऱ्हाईकांची यादी करा. प्रत्येकापुढे तीनच गोष्टी: शेतकरी आहे का, बजेट किती, जमीन कशासाठी हवी. एक वकील आणि एक मोजणीची माहिती असलेला माणूस जोडून ठेवा. सर्च रिपोर्टचा खर्च वाचवू नका.

तिसरा महिना: एक व्यवहार, पहिल्या मार्गाने. दलाली लेखी ठरवा, पैसे बँकेत घ्या, रिटर्नमध्ये दाखवा. आणि नोकरी सोडू नका. एका सातबाऱ्यावरची वीस नावं एका टेबलावर यायला कधी गणपती लागतात, कधी शिमगा, कारण चाकरमानी तेव्हाच घरी येतात. ईएमआय तेवढा थांबत नाही.

तर मंडळी, आज इतकंच. हा एपिसोड त्या मित्राला पाठवा, ज्याने तुम्हाला ती रील पाठवली होती. आणि ऐकून झाल्यावर एक काम नक्की करा: स्वतःच्या घरचा सातबारा उघडा आणि 'इतर हक्क' वाचा. काही अडलं तर मेसेज करा, पुढच्या भागात फेरफार कसा वाचायचा ते ओळीने बघू. येवा, भेटूया!