गिऱ्हाइकाची ओळख आणि परक्याची जागा

अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड या दोन्ही पट्ट्यांतील गृहसंकुलांत गेल्या काही वर्षांत एक निराळी पेठ उभी राहिली आहे. तिला गाळा नाही की पाटी नाही. भाजणी, गोडा मसाला, दिवाळीचा फराळ हे सारे स्वयंपाकघरात तयार होते आणि मागणी मोबाइलवर येते. २०१६ साली यूपीआयची सोय झाली, त्याच सुमारास इंटरनेट स्वस्त झाले आणि २०२० च्या टाळेबंदीत ही पेठ फोफावली. तिच्या आश्रयाने आणखी एक धंदा निघाला आहे, तो म्हणजे ‘समाजमाध्यमावर अनुयायी वाढवा, विक्री आपोआप वाढेल’ असे शिकवणाऱ्या वर्गांचा. या वर्गांची फी भरणाऱ्यांत आमच्या विद्यार्थ्यांच्या माता असतात, निवृत्त कारकूनही असतात. तेव्हा हा उपदेश अर्थशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहणे अनाठायी ठरू नये.

उपदेशात तथ्य आहे, हे प्रथम मान्य करावयास हवे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली असे दाखवून दिले, की नोकरीची वार्ता जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते. कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. भाजणी विकणाऱ्या बाईंची पहिली वीस गिऱ्हाइके नातलग आणि शेजारी असतात. एकविसावे येते ते नणंदेच्या कचेरीतल्या कुणाकडून. ही दूरची ओळख जोडण्याचा खर्च इंटरनेटने जवळजवळ नाहीसा केला.

परंतु ओळख म्हणजे विश्वास नव्हे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन सांगितले, की मालाचा कस गिऱ्हाइकाला पारखता येत नसेल तर तो सरासरीचाच भाव देतो आणि उत्तम माल विकणारा हळूहळू बाजारातून उठतो. (पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.) छायाचित्रात सगळ्याच चकल्या खुसखुशीत दिसतात! अशा वेळी कामास येते ते लेखन. मसाल्यात बेडगी मिरची किती आणि संकेश्वरी किती, तो डंकावर कधी कांडला, किती महिने टिकेल, यंदा तिखटपणा का वाढला, हे जी बाई दर हंगामाला प्रांजळपणे लिहिते, तिची दोन-तीन वर्षांची टिपणे हीच तिच्या मालाची साक्ष होते. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी घरगुती खाद्यविक्रीलाही लागते. तो क्रमांकही त्या टिपणाखाली असावा. आज उसन्या छायाचित्रांवर धंदा थाटणाऱ्याला हे सारे जुळवणे जड जाते.

खरी अडचण याच्याही पुढची आहे. ही सारी ओळख साठवली जाते ती परक्याच्या जागेत. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि तेथे जमवलेला गोतावळा एका रात्रीत तुटला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास बंद पडले, तेही एकदमच, कारण तिन्हींचा मालक एक. आपला मजकूर किती जणांसमोर जावा हेही बव्हंशी मालकच ठरवतो आणि अधिकांपुढे जावयाचा असेल तर जाहिरातीचे पैसे मागतो. मोक्याच्या जागेचा हा खंड आहे. रिकार्डोने शेतजमिनीबाबत सांगितला तोच. मुंबईकराच्या भाषेत बोलायचे, तर आपण येथे पागडीचाही हक्क नसलेले भाडेकरू आहोत.

याला उपाय उपनगरांना अपरिचित नाही. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या वितरण योजनेत शेजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, माल एका घरी उतरतो आणि सभासद तो आपसांत वाटून घेतात. ही चळवळ ग्राहकांची, विक्रेत्यांची नव्हे, हे खरे. तरी तिचे मर्म विक्रेत्यानेही घ्यावे असे आहे: मागणी आधी कळते आणि गिऱ्हाइकांची यादी संघाच्याच हाती राहते.

मोबाइलवर आलेले प्रत्येक नाव, नग, तारीख आणि तक्रारसुद्धा स्वतःच्या वहीत उतरवावी. इमारतवार दिवस ठरवून मागणी घ्यावी. मुद्रा योजनेतले कर्ज मागायला गेल्यावर बँकेचा अधिकारी उलाढाल विचारतो, अनुयायी विचारत नाही. शिवाय दिवाळीत दोनशे डब्यांची मागणी आली तरी भाजणी भाजणारे हात दोनच असतात. नाइलाजाने बाहेरून आणलेला माल आपल्या नावाने गेला, की वर्षभर लिहिलेले सारे फुकट. शेजारच्या बाईला मजुरी देऊन मदतीस घ्यावे की भाव चढवावा, हे मागील दोन वर्षांच्या वहीवरून नवरात्रापूर्वीच ठरवता येते. कढई चुलीवर चढल्यावर त्याला सवड नसते.