फुलांचा अर्क आणि ॲलर्जी: बाटलीत नेमकं काय आहे?

पाऊस ओसरायला लागला की महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवरची गवतं तुऱ्यावर येतात, खाचरांतलं भात फुलोऱ्यात येतं, वरच्या सड्यांवर सोनकी पिवळी होते. ज्यांना नाकाचा, डोळ्यांचा किंवा दम्याचा त्रास आहे त्यांना याच दिवसांत सल्लेही भरपूर मिळतात. कुणी सांगतं, पुण्या-मुंबईला जाऊन फुलांच्या अर्काची इंजेक्शनं घे. कुणी पुष्पौषधीचे थेंब सुचवतं. कुणी म्हणतं, घाट चढून महाबळेश्वरला जा, तिथला मध आण, त्यात परागकण असतातच.

बोलताना या सगळ्याला आपण 'फुलांचं औषध' म्हणतो. संशोधनाच्या वाटेला लागणाऱ्यांनी मात्र इथेच थांबायला हवं. 'याने गुण येतो का?' हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. त्याआधीचे प्रश्न असे: बाटलीत नेमकं काय आहे, किती आहे, आणि रिॲक्शन आलीच तर सांभाळायला जवळ कोण आहे? हा लेख या प्रश्नांबद्दल आहे.

एक नाव, तीन वेगळ्या गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे परागकणांचा अर्क. परागकण गोळा करायचे, त्यातली चरबी काढायची, विशिष्ट द्रावणात प्रथिनं उतरवायची, गाळून निर्जंतुक करायचं. हा अर्क वाढत्या मात्रेत त्वचेखाली टोचतात किंवा जिभेखाली देतात. याला ॲलर्जन इम्युनोथेरपी म्हणतात. ज्याची ॲलर्जी आहे तोच पदार्थ इथे औषध असतो. गुण येण्याची शक्यता आणि धोका, दोन्ही एकाच रेणूतून येतात.

दुसरी गोष्ट पुष्पौषधी. एडवर्ड बाख (१८८६–१९३६) या इंग्रज डॉक्टरने फुलं पाण्यात ठेवून, त्या पाण्यात ब्रँडी घालून ३८ औषधं तयार केली. ती मुळात मनाच्या अवस्थांसाठी होती. त्यात फुलातला पदार्थ जवळजवळ नसतोच. २०१० मध्ये एडझार्ड अर्न्स्ट यांनी उपलब्ध नियंत्रित चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा ही औषधं प्लासिबोपेक्षा सरस असल्याचं दिसलं नाही. यात थेट धोका कमी, पण थेंबांवर विसंबून दम्याचा इनहेलर बंद केला तर धोका खरा आहे. थेंब अल्कोहोलमध्ये असतात, हेही लहान मुलांच्या बाबतीत लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट म्हणजे मध, दुकानात मिळणारे मधमाश्यांनी गोळा केलेले परागकण आणि घरगुती फुलांचे काढे. यात काहीतरी नक्की असतं, पण काय आणि किती ते कुणालाच ठाऊक नसतं. परागकणांची ॲलर्जी असलेल्यांना असे परागकण खाल्ल्यावर ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे सगळ्या अंगाला घेरणारी जीवघेणी रिॲक्शन आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. 'नैसर्गिक आहे, म्हणजे निरुपद्रवी' हे इथे चालत नाही.

कोणत्या फुलाचा अर्क?

आता थोडं वनस्पतिशास्त्र. डोळ्यांत भरणारी फुलं, म्हणजे सोनकी, कारवी, झेंडू, ही कीटकांसाठी सजलेली असतात. त्यांचे परागकण जड आणि चिकट असतात, हवेत फार दूर जात नाहीत. नाक-डोळ्यांचा त्रास प्रामुख्याने देतात ती वाऱ्यावर परागीभवन होणारी झाडं आणि गवतं, ज्यांच्या 'फुलां'कडे कुणी वळूनही पाहत नाही. सोनकीचा बहर आणि गवताचा तुरा एकाच वेळी येतो, पण दोष जातो सोनकीवर. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, याचं इतकं सोपं उदाहरण शोधून सापडणार नाही.

मधाचा दावाही इथेच अडतो. मधात मुख्यतः कीटकांनी भेट दिलेल्या फुलांचे परागकण असतात. ज्या गवताने शिंका येतात त्याचे कण मधात असले तरी नगण्य आणि बेहिशेबी.

आणखी एक शक्यता तपासायलाच हवी. कोकणातल्या दमट घरांत धुळीतले माइट आणि बुरशी हेही ॲलर्जीचं मोठं कारण असतं. पावसाळ्यानंतरचा त्रास गवतामुळे आहे की चार महिने ओल धरलेल्या गादीमुळे, हे न ठरवता परागकणांचा अर्क सुरू केला तर पैसे जातील आणि धोका मात्र उरेल. स्किन प्रिक टेस्टमध्ये गांधी उठली म्हणजे आजार तोच, असंही नाही. त्या पदार्थाविरुद्ध शरीरात प्रतिपिंडं आहेत, एवढंच त्यातून कळतं. त्रासाचा काळ, जागा आणि टेस्ट यांचा मेळ बसला तरच निदान होतं.

१९११ पासूनची कल्पना

लिओनार्ड नून यांनी लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये गवताच्या परागकणांचा अर्क रुग्णांना टोचला आणि १९११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लेख लिहिला. मात्रा सांभाळून वाढवली तर संवेदनशीलता कमी होते, पण जास्त किंवा घाईने दिली तर ती उलट वाढू शकते, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. जॉन फ्रीमन यांनी हे काम पुढे नेलं.

आज यामागची यंत्रणा बरीच समजली आहे. ॲलर्जीत आयजीई प्रतिपिंडं मास्ट पेशींवर बसलेली असतात, आणि परागकणातलं प्रथिन त्यांना चिकटलं की हिस्टामिन बाहेर पडतं. नियंत्रित मात्रा दीर्घकाळ दिल्यास नियामक टी-पेशी वाढतात, आयजीजी-४ प्रतिपिंडं तयार होतात आणि प्रतिसाद सौम्य होतो. १९९९ मध्ये स्टीफन डरहॅम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गवताच्या परागकणांची इम्युनोथेरपी तीन-चार वर्षं घेऊन थांबवल्यावरही फायदा टिकू शकतो. म्हणजे योग्य रुग्णाला, योग्य अर्काने हा उपचार खरोखर उपयोगी पडतो. ही बाजू नाकारण्याचं कारण नाही.

अडचण अर्काच्या दर्जाची आहे. भारतात बऱ्याच अर्कांवर १:५० किंवा १:५०० असं वजन-आकारमानाचं प्रमाण लिहिलेलं असतं. १:५० म्हणजे ५० मिलिलिटर द्रावणाला १ ग्रॅम परागकण. त्या ग्रॅममधून ॲलर्जी करणारं प्रथिन किती उतरलं, ते यातून कळत नाही. कण कधी गोळा केले, कसे साठवले, यावर ते बदलतं. लेबल तेच आणि ताकद वेगळी, असं होऊ शकतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

धोका मोजताना खालचा आकडा बघा

अमेरिकेतल्या पाहण्यांत सुमारे २५ लाख इंजेक्शनांमागे एक मृत्यू असा अंदाज आहे, आणि अंगभर रिॲक्शन साधारण दर हजार भेटींमागे एकीत येते. वाचून हायसं वाटतं. पण भागाकारात खाली काय आहे ते बघा. तिथे इंजेक्शनं किंवा भेटी आहेत, रुग्ण नाहीत. एका माणसाने तीन वर्षांत ६० इंजेक्शनं घेतली आणि प्रत्येक वेळचा धोका हजारात एक व स्वतंत्र मानला, तर निदान एकदा अंगभर रिॲक्शन येण्याची शक्यता १ वजा ०.९९९ चा ६० वा घात, म्हणजे सुमारे ६ टक्के होते. प्रत्यक्षात धोका सगळ्यांना सारखा नसतो, त्यामुळे हा फक्त अंदाज. तरीही 'हजारात एक' आणि 'शंभरात सहा' ऐकताना किती वेगळं वाटतं!

दुसरी गोष्ट, हे आकडे बहुतांशी ॲलर्जी तज्ज्ञांच्या दवाखान्यांतले आहेत. ब्रिटनमध्ये १९५७ पासून २६ मृत्यू नोंदले गेल्यावर १९८६ मध्ये तिथल्या औषध सुरक्षा समितीने सांगितलं की पूर्ण पुनरुज्जीवनाची सोय असेल तिथेच हे इंजेक्शन द्यावं आणि रुग्णाला दोन तास थांबवावं. आता सर्वसाधारणपणे निदान ३० मिनिटं थांबवण्याची पद्धत आहे, कारण बहुतेक गंभीर रिॲक्शन तेवढ्या वेळात सुरू होतात. सगळ्यात मोठा धोका असतो नियंत्रणात नसलेल्या दम्याचा. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत रिॲक्शन आटोक्यात आणणं कठीण जातं. गरोदरपणात हा उपचार नव्याने सुरू करत नाहीत.

जिभेखालचे थेंब आणि गोळ्या इंजेक्शनपेक्षा सुरक्षित मानल्या जातात. तरीही अमेरिकेत २०१४ मध्ये गवत आणि रॅगवीडच्या गोळ्यांना परवानगी देताना पहिली गोळी डॉक्टरांसमोर घेऊन अर्धा तास थांबण्याची अट घातली गेली.

हेच पोलादपूरच्या वाडीवर आणून बघा

समजा, एकाची तपासणी पुण्यात झाली. बाटल्या थर्मासमध्ये बर्फ घालून गावी आल्या. दर आठवड्याला इंजेक्शन घ्यायला पुण्याला जाणं परवडत नाही, म्हणून जवळच्या दवाखान्यात टोचून घ्यायचं ठरलं. इथे तीन गोष्टी बिघडू शकतात.

एक, थांबणं. परतीची एसटी चुकेल म्हणून माणूस पाच मिनिटांत उठतो. घाटातल्या वळणावर घसा आवळायला लागला, तर १०८ ला फोन लावला तरी ती गाडी पोचायला वेळ लागतो. ॲनाफिलॅक्सिसवर पहिलं औषध ॲड्रेनलिनच. प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, लगेच. सेट्रिझिन किंवा स्टेरॉइड त्याची जागा घेत नाही. स्वतः टोचून घ्यायची ॲड्रेनलिनची पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून ॲम्प्यूल आणि ते देणारा माणूस इंजेक्शनच्या जागीच हवा. आपल्या दवाखान्यात तो आहे का, हे पहिलं इंजेक्शन घेण्याआधी विचारायचं.

दोन, थंडावा. अर्क २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावा लागतो. २२ जुलै २०२१ आठवा. सावित्री-गांधारीचं पाणी महाडात शिरलं, तळीयेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. अशा दिवसांत फ्रिज चालू राहील हे धरून चालता येत नाही, आणि एरवीही पावसाळ्यात वीज जातेच.

तीन, आणि हे सहसा कुणी सांगत नाही. गरम झालेली बाटली कमजोर होते. त्या बाटलीतून आठवडाभर वरची मात्रा घेतली तरी काही होत नाही, आणि वाटतं, आपल्याला सोसतंय. मग नवी, ताजी बाटली येते. लेबल तेच, ताकद वेगळी. त्याच मात्रेने सुरुवात केली तर शरीराला अचानक कितीतरी जास्त प्रथिन मिळतं. म्हणून नवी बाटली उघडताना किंवा मध्ये खंड पडल्यावर मात्रा कमी करतात. ती किती कमी करायची, ते उपचार सुरू करणाऱ्या तज्ज्ञालाच विचारायचं, स्वतः ठरवायचं नाही. बाटली उन्हात किंवा बंद फ्रिजमध्ये राहिली असेल तर लाजू नका, सांगून टाका.

इंजेक्शनच्या दिवशी छातीत घरघर असेल, ताप असेल, तर त्या दिवशी टोचून घ्यायचं नाही. ही साधी गोष्ट पाळली तरी बराच धोका टळतो.

गाजर गवताचा धडा

महाराष्ट्रातलं याच विषयाचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे गाजर गवत. पुण्यात सापडलेल्या या झाडाची भारतासाठी नवी म्हणून नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. १९७४ मध्ये पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ लोणकर यांनी मिशेल आणि कॅलनन यांच्यासोबत त्यामुळे होणाऱ्या त्वचादाहावर लेख लिहिला. या झाडामुळे नाकाची ॲलर्जीही होते आणि त्वचेचीही. पण नाकाची आयजीईमुळे, काही मिनिटांत. त्वचेची टी-पेशींमुळे, एक-दोन दिवसांनी, पार्थेनिनसारख्या रसायनांनी. झाड एक, आजार दोन, म्हणून एकाचा अर्क दुसऱ्यावर आपोआप चालत नाही.

त्वचेच्या आजारासाठी गाजर गवताचा अर्क पोटातून देऊन बघितला गेला आहे. २००१ मध्ये हांडा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बऱ्याच रुग्णांना आराम पडला, तर काहींचा त्रास वाढला. रुग्ण थोडे होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. 'आराम पडला' एवढंच वाचून कुणी रस्त्याकडेचं गाजर गवत उकळून प्यायला लागलं तर काय होईल, याची कल्पना करा. आणि याच कुळातली शेवंती, सूर्यफूल यांच्याशीही अशा रुग्णांची त्वचा भांडू शकते.

तुम्ही यावर काम करणार असाल तर

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी महाड-पोलादपूरचा परिसर उत्तम आहे. कोणतं गवत कधी तुऱ्यावर येतं याची वर्षभराची नोंद, ग्लिसरीन जेली लावलेल्या स्लाइडवर हवेतल्या परागकणांची मोजणी, आणि दवाखान्यांच्या परवानगीने तक्रारींच्या महिनावार संख्येशी तुलना, एवढंही मोलाचं ठरेल.

पण प्रयोगशाळेत अर्क करून वर्गमित्राच्या हातावर 'जरा टोचून बघू' असं करायचं नाही. माणसावर काहीही करायचं तर नैतिकता समितीची मंजुरी, लेखी संमती आणि शेजारी डॉक्टर हवा. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि २०१९ चे नवीन औषधं व वैद्यकीय चाचण्यांचे नियम आधी वाचून काढा. इंडियन कॉलेज ऑफ ॲलर्जी, अस्थमा अँड अप्लाइड इम्युनॉलॉजीची इम्युनोथेरपीवरची २०१७ ची मार्गदर्शिकाही वाचा.

आणि या विषयावरचा कोणताही शोधनिबंध हातात आला की निष्कर्षावर उडी मारण्याआधी समासात चार नोंदी करा: अर्क कशाचा आणि कोणत्या एककात मोजलेला, तुलनेचा गट होता का, रिॲक्शनचा हिशेब रुग्णांमागे की इंजेक्शनांमागे, आणि मध्येच सोडून गेलेले किती व का. चौथी नोंद सगळ्यात आधी शोधा. ज्यांना त्रास झाला ते बहुतेक वेळा तिथेच सापडतात.