स्कूटरचा निर्वाहखर्च

स्कूटरच्या डाव्या अंगाला मागच्या चाकापर्यंत जाणारे जे लांबट ॲल्युमिनियमचे झाकण असते, त्याचे बोल्ट एकेक करून सैल करताना बंगळूरच्या जयनगरातील त्या कारागिराने शेजारी जुने वर्तमानपत्र पसरले, आणि प्रत्येक बोल्ट ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने त्यावर मांडून ठेवला. कारण त्या सर्वांची लांबी सारखी नसते, आणि लांब बोल्ट आखूड जागी पिळला गेला की मऊ धातूचे आटे बिघडून कारागिराच्या हयगयीचा भुर्दंड मालकास सोसावा लागतो. झाकण निघताच आतून काळी भुकटी खाली सांडली. बेल्टच्या रबराची आणि क्लचच्या अस्तराची ती झीज होती; आणि स्कूटर बाळगण्याचा खरा खर्च जर कोठे प्रत्यक्ष डोळ्यांना दिसत असेल, तर तो त्या भुकटीत मला दिसला.

गिअर बदलण्याचे जे काम पूर्वी चालकाच्या डाव्या हाताकडे होते, ते या स्कूटरींत एका दातेरी रबरी बेल्टाकडे सोपविलेले आहे. इंजिनाकडील पुलीत लहान लहान रोलर असतात. इंजिनाचा वेग वाढला की ते केंद्रापासून दूर फेकले जातात, पुलीच्या दोन चकत्या एकमेकींजवळ येतात, बेल्ट पुढे वर चढतो आणि मागच्या पुलीत तितकाच खाली उतरतो, आणि अशा रीतीने गुणोत्तर आपोआप पालटत जाते. मागचा क्लचही केंद्रोत्सारी. इंजिनाने विशिष्ट वेग घेतल्यावाचून त्याची पकड पूर्ण होत नाही. मोकळ्या रस्त्यावर या रचनेला फारसे कष्ट नाहीत. परंतु होसूर रस्ता आणि बाह्य वर्तुळमार्ग जेथे एकत्र येतात त्या सिल्क बोर्डच्या चौकात संध्याकाळी वाहन दोन हात सरकते आणि थांबते, पुन्हा सरकते आणि पुन्हा थांबते; त्या प्रत्येक वेळी क्लचचे अस्तर अर्धवट पकडीत घासले जाते आणि तापते, पेट्रोल जळत राहते, आणि किलोमीटर मोजणारा आकडा मात्र जवळजवळ जागचा हलत नाही. टॉमटॉम या नकाशे करणाऱ्या कंपनीने २०२२ सालच्या पाहणीत बंगळूरच्या मध्यभागी १० किलोमीटर जाण्यास सरासरी २९ मिनिटे १० सेकंद लागतात असे नोंदविले होते. सर्व्हिसची मुदत किलोमीटरांत लिहिलेली असते; या शहरात झीज होते ती तासांच्या हिशेबाने.

कारागिराने बेल्ट उलटा वाकवून दातांच्या मुळाशी पडलेल्या बारीक चिरा मला दाखविल्या आणि ‘बेल्ट होगिदे, सर’ (बेल्ट गेला आहे) असे म्हणून रोलर माझ्या तळहातावर ठेवले. ते गोल राहिले नव्हते. प्रत्येकाची एक बाजू घासून सपाट झाली होती. हे दोन्ही भाग वेळेवर बदलले तर खर्च बेताचा असतो. बेल्ट वाटेत तुटला तर मात्र स्कूटर टेम्पोत घालून आणण्याचे भाडे आणि बुडालेली दिवसाची मजुरी त्यात मिळवावी लागते. इंजिनाचे तेल सर्वांच्या ध्यानात असते. मागच्या चाकाजवळील दंतचक्रांच्या पेटीत जे थोडेसे निराळे गिअर-ऑइल असते, त्याची चौकशी करणारे मालक विरळा, असे या कारागिराचे म्हणणे, आणि ते मला यथार्थ वाटले. पुढचे हँडल त्याने दोन्ही हातांनी हलवून पाहिले व कोनसेटमध्ये, म्हणजे हँडलच्या बेअरिंगमध्ये, आलेली ढिलाई माझ्या बोटांना जाणवून दिली. स्कूटरचे चाक मोटरसायकलच्या चाकाहून लहान, म्हणून त्याच खड्ड्यात ते अधिक खोल उतरते. या शहराच्या पावसाळ्यातील रस्ते हा निर्वाहखर्चाचाच एक भाग होय.

खरेदीच्या वेळचा खर्च निराळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकींवरील जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हा ग्राहकास मोठाच दिलासा. तथापि कर्नाटकाचा आजीवन कर पूर्वीपासूनच जड आहे. महाराष्ट्रातून आपली जुनी स्कूटर घेऊन येथे नोकरीस येणाऱ्या मराठी माणसास तो विशेष जाणवतो. मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमान्वये वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणावा, येथे वाहनाच्या वयानुसार कर भरावा, आणि मग महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाच्या परताव्यासाठी अर्ज रुजू करावा, असा हा क्रम आहे. आधी भरणा आणि मागाहून परतावा. मधल्या काळात एकाच स्कूटरचा कर दोन्ही सरकारांकडे जमा असतो. पगारदार तरुणास हा भार अकारण वाटतो, आणि माझ्या मते त्याचे वाटणे न्याय्य आहे. दोन सरकारी दफ्तरांनी तो हिशेब परस्पर मिटविण्यास आज कोणतीही तांत्रिक अडचण उरलेली नाही.

विम्याचा बोजा त्या मानाने हलका आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस पाच वर्षांचा तृतीय-पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो, आणि जून २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सी.सी.च्या दुचाकीस त्याचा हप्ता ३,८५१ रुपये होतो. पेट्रोलने येथे लिटरमागे शंभरी केव्हाच ओलांडली. जून २०२४ मध्ये राज्याने विक्रीकर वाढविल्यावर त्यात आणखी तीन रुपयांची भर पडली.

आयुधपूजेच्या दिवशी याच गॅरेजात पाने-पेचकस ओळीने मांडून त्यांना कुंकू लावतात, स्कूटरीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात आणि दाराशी कोहळा फोडतात. त्या दिवशी कोणी काम मागत नाही; दुसऱ्या दिवशी मात्र रांग लागते.

जे तरुण या शहरात पहिली स्कूटर घेणार आहेत, त्यांना माझी विनंती आहे की पेट्रोलच्या नोंदीशेजारी रोज किती वेळ गर्दीत गेला तेही लिहून ठेवावे, आणि पुस्तिकेतील किलोमीटर पुरे होण्याची वाट न पाहता डाव्या बाजूचे ते झाकण एकदा आपल्या डोळ्यांदेखत उघडून घ्यावे.