उसाच्या दराला चाळणी, साहेबांच्या पगाराला मोकळीक

नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरला श्री सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे. 2010 साली त्याचे नाव सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाला लागले आणि सहकारी कारखान्यांच्या करवादात ते पुढे सतत घेतले गेले. वाद समजायला सोपा आहे. शेतकरी ऊस घालतो, काट्याची पावती घेतो, त्याला पहिली उचल मिळते. हंगाम संपून कारखान्याचे हिशेब लागले की अंतिम दराचा फरक खात्यावर जमा होतो. सरकारने ठरवलेल्या किमान किमतीच्या वर दिलेला हा पैसा उसाच्या खरेदीचा खर्च, की सभासदांना वाटलेला नफा? खर्च म्हटला तर तेवढ्या रकमेवर कारखान्याला कर नाही. नफा म्हटला तर आधी कर, मग वाटप. न्यायालयाने प्रकरण फेरतपासणीसाठी अपील आयुक्तांकडे परत पाठवले. 2019 मध्ये तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात उत्तर स्पष्ट झाले: फरकाची सगळी रक्कम नफा ठरत नाही, पण तिच्यात नफ्याचा जेवढा अंश असेल तेवढा खर्चातून वगळायचा. दरम्यान 2016 पासून सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च म्हणून मान्य झाली होती. जुन्या वर्षांचे ओझे मात्र 2023 च्या अर्थसंकल्पात उतरले आणि ही सवलत सुमारे 10 हजार कोटी रुपयांची असल्याचे अर्थमंत्र्यांनी सांगितले.

कारखान्यांची दमछाक झाली, तरी आयकर खात्याचा मूळ प्रश्न चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. खर्चाच्या रकान्यात लिहिल्याने नफ्याचा खर्च होत नाही. आक्षेप आहे तो हा प्रश्न कोणाला विचारला जातो, यावर. नंदुरबारच्या मिरची बाजारातली एखादी भागीदारी पेढी घ्या. भागीदारांचे मानधन किती वजा करायचे, हे कायद्याने ठरवून दिले आहे. 2024 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या 6 लाखांच्या हिशेबी नफ्यावर 3 लाख किंवा 90 टक्के यांपैकी जास्त ती रक्कम, आणि उरलेल्यावर 60 टक्के. म्हणजे 20 लाख नफा असेल, तर जास्तीत जास्त 13 लाख 80 हजार. मुंबईतल्या एखाद्या कंपनीने आपल्या मुख्य अधिकाऱ्याला वर्षाला 10 कोटी दिले, तर असे कोणतेही कोष्टक आड येत नाही. संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला दिलेली अवाजवी रक्कम अधिकारी नाकारू शकतो खरा, पण अवाजवी म्हणजे किती याचा आकडा कायद्यात नाही. आणि आकडा नसला की चांगला वकील असलेल्याचेच फावते.

असा आकडा भारतात एकेकाळी होता, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. आयकर कायद्यात 1 एप्रिल 1972 पासून लागू झालेल्या कलम 40-अ(5) नुसार कर्मचाऱ्याचा महिना 5 हजारांवरचा पगार कंपनीला खर्चात दाखवता येत नसे. मर्यादा पुढे साडेसात हजार झाली आणि 1 एप्रिल 1989 पासून कलमच गेले. महागाई वाढत राहिली आणि मर्यादा मागे पडली. ती वेळोवेळी वाढवणे हा उपाय होता. आपण ती मोडीत काढली. अमेरिकेने उलट वाट धरली. 1993 साली तिथे सार्वजनिक कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी 10 लाख डॉलरची मर्यादा आली, पण ‘कामगिरीवर आधारित’ मोबदल्याला सूट ठेवली. व्हायचे तेच झाले: मोबदला शेअरच्या पर्यायांत वळला आणि पगार फुगतच राहिले. 2017 च्या कायद्याने ती सूट काढली. मर्यादा घालून उपयोग होत नाही, असे म्हणणारे याच अनुभवाचा दाखला देतात. मला त्यातून एवढेच दिसते की पळवाट ठेवून घातलेली मर्यादा चालत नाही.

याहून वजनदार आक्षेप दुहेरी कराचा आहे. ऊस उत्पादकाचे उत्पन्न शेतीचे, म्हणून करमुक्त. अधिकारी मात्र पगारावर कर भरतोच, आणि त्याचा वरचा दर कंपनीच्या सुमारे 25 टक्क्यांपेक्षा जास्त असतो. मग तोच पैसा कंपनीच्या हातातही का करपात्र धरायचा? भागीदाराच्या बाबतीत तरी नाकारलेली रक्कम त्याच्या हातात पुन्हा करपात्र होत नाही. आक्षेप खरा आहे, पण लाभांशाचे काय होते ते पाहा. कंपनी नफ्यावर कर भरते आणि 2020 पासून भागधारकही लाभांशावर भरतो. नफ्यातल्या वाट्याला दोनदा कर लागणे आपण मान्य केलेलेच आहे. तेव्हा एका मर्यादेच्या वरचा पगार हा मोबदला, की नफ्यातला वाटा, एवढाच प्रश्न उरतो. कंपनी कायदा स्वतःच सार्वजनिक कंपनीच्या संचालकांच्या मोबदल्याची सर्वसाधारण मर्यादा निव्वळ नफ्याच्या 11 टक्के अशी मोजतो. फिटरचा किंवा कारकुनाचा पगार असा नफ्याच्या टक्क्यांत कोणी मोजत नाही.

गुणी माणसे निघून जातील, ही भीतीही नेहमीची. पण इथे पगारावर बंदी कुठे आहे? 10 कोटी द्यायचे तर खुशाल द्यावेत. 1 कोटीची मर्यादा धरली, तर उरलेल्या 9 कोटींवर कंपनीला सुमारे सव्वादोन कोटी कर पडेल, आणि तो भरूनही माणूस परवडतो का हे भागधारक ठरवतील. मर्यादा रुपयांत ठेवली तर 1972 ची चूक पुन्हा होईल, म्हणून ती पटीत असावी. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना प्रत्येक संचालकाचा मोबदला मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे, हे दरवर्षी जाहीर करावेच लागते. नवे कागद रंगवायला नकोत. पन्नास पट मला पुरेशी वाटते. कोणी सत्तर म्हणेल, त्यावर संसदेत जरूर भांडण व्हावे. मर्यादाच नको, हे मात्र पटणारे नाही.